साहेबांचा तुकडा

दरड दुपारी आली. सासू बटाटे सोलत होती. तिच्या हातातली सुरी थांबली, एवढंच. आधी जमीन पोटातून गुरगुरली, मग खिडकीची तावदानं थरथरली, आणि डोंगराच्या कुशीतून पिवळा धुरळा सावकाश वर आला. त्याला कसलीच घाई नव्हती. झोपेत कोणी कूस बदलावी तसा तो पसरला आणि दिवस कलेपर्यंत हवेत बसून राहिला. खाली उतरला तेव्हा घळ जागेवर नव्हती.

घळ म्हणजे वाट, आणि वाट म्हणजे हे घर. गाडीरस्ता खूप खाली संपतो. तिथून वर हे शेवटचं घर. दगडी भिंती, तीन खोल्या, पुढच्या खोलीत खुंट्यांवर दोर, कोपऱ्यात पहारी आणि घण, आणि चढाईच्या मंडळींनी टाकून दिलेले बूट. त्यातला डावा एकाचा, उजवा दुसऱ्याचा. बर्फ उतरलं की घळीतली वाट नीट करायची, मेखा ठोकायच्या, दोर बांधायचे. मंडळी आली की त्यांची ओझी पाठीवर घेऊन शिखराकडं निघायचं. आजानं तेच केलं, बापानं तेच केलं, आता मुलगा तेच करत होता. दुसरं काही या घराला येत नव्हतं. येईल का, असंही कोणी कधी विचारलं नाही.

वाटेवर टेकण्या होत्या. टेकणी म्हणजे कमरेइतका दगडी ओटा. ओझं पाठीवरून न उतरवता त्यावर टेकवायचं, दम खायचा, पुन्हा उठायचं. कपाळावर पट्टा, मान खाली, नजर पुढच्याच्या टाचेवर. डोंगर असा चढतात. डोंगर दिसतो कसा, ते ओझेवाल्याला विचारू नये. टाचा कशा दिसतात ते विचारावं, तो तासभर सांगेल.

शेवटच्या टेकणीच्या वर जो निमुळता भाग उरतो त्याला ओझेवाले साहेबांचा तुकडा म्हणतात. तिथं ते जात नाहीत. कोणी पाटी लावलेली नाही, कोणी दम दिलेला नाही. ओझं खाली ठेवायचं, साहेबाच्या हातात पाण्याची बाटली द्यायची आणि थांबायचं. साहेब वर जातो, शिखर जिंकतो आणि खाली येतो. जिंकतो असं म्हणतात. हरलं कोण, हे कोणी सांगत नाही.

घरातला म्हातारा जुना वाटाड्या. आता गुडघे गेले होते, म्हणून खिडकीपाशी बसायचा आणि बसल्या बसल्या झोपायचा. झोपेत त्याचे पाय हलायचे. आधी हळू, मग एका लयीत, मग मध्येच थांबायचे.

“निघाले बघ,” सासू म्हणायची. “एका जागी बसतील तर शपथ.”

“कुठवर गेले असतील हो?” सून विचारायची.

“थांबलेत म्हणजे टेकणीला असतील. चहा ठेव. येतीलच उतरून.”

उभा जन्म म्हातारा त्या तुकड्याखाली थांबला होता. वर गेलेला साहेब परत यायचा तेव्हा त्याचा चेहरा बदललेला असायचा, डोळे ओले, बोलणं बंद. म्हणजे वर काहीतरी होतं. एकदा धीर करून त्यानं एका साहेबाला विचारलं, वर काय असतं हो? साहेब म्हणाला, शब्दांत नाही सांगता येत.

“शब्दांत नाही तर हातवारे करून सांगायचं,” सासू म्हणाली होती. “एवढं ओझं वाहिलंत, एवढंसं सांगायला काय जड होतं त्याला?”

मुलगा फोन लागतो त्या दगडावर जाऊन उभा राहिला आणि साहेबाला फोन लावला. हा साहेब म्हणजे चढाईच्या क्लबाचा सेक्रेटरी. कुठल्या शिखरावर कोण, कधी आणि कोणत्या अंगानं चढणार, हे तो ठरवायचा. मुलाला तो छोटू म्हणायचा. छोटूच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते.

मुलगा परत आला आणि उंबऱ्यावरच बसला. बूट काढले नाहीत.

“पलीकडच्या अंगानं गाडीरस्ता पार डोंगराच्या खांद्यापर्यंत आलाय म्हणे. मंडळी यायच्या आत घळीशेजारच्या कड्यावर दोर लागले तर ठीक. नाहीतर इथून पुढं सगळे तिकडूनच.”

“आणि आपण?” सून म्हणाली.

“आपण काय? खाली जायचं. खानावळीत भांडी घासायला माणसं लागतातच.”

“मला नाही जमणार कुणाची खरकटी काढायला,” सासू म्हणाली. “माझीच मला जमत नाहीत.”

म्हातारा झोपेत चालत होता.

कडा काळा आणि ओला होता. वरून सतत पाणी झिरपायचं, पण ते खाली पोचताना दिसायचं नाही. मुलगा दोर कमरेला बांधून चढू लागला. सून खाली उभी राहून दोर सोडत होती. तो दोर तिनं पाठीमागून कमरेभोवती घेतला होता आणि टाचा दोन धोंड्यांत रोवल्या होत्या. घणाचा आवाज आला की समजायचं मेख बसते आहे. आवाज थांबला की वर बघायचं नाही, तोंडात माती पडते.

तिसऱ्या मेखेला दगडच निघाला. घोड्याच्या डोक्याएवढा तो दगड तिच्या खांद्याशेजारून गेला, आणि मग दोराला हिसका बसला. तिच्या कमरेची कातडी दोराबरोबर सरकली. तिनं सोडलं नाही. ओरडायला श्वासच नव्हता. वर नवरा दोरीवरच्या कपड्यासारखा हलत होता, एकदा इकडं, एकदा तिकडं, आणि त्याच्या मागं आभाळ अगदी निवांत निळं होतं. तिच्या मनात विचार आला, किती शांत आहे हे सगळं! मग तिनं पाय आणखी रोवले आणि एकेक वीत दोर सोडत त्याला खाली घेतला.

त्याच्या तळहातांची साल निघाली होती. घरी सासूनं तेल लावलं. तो हाताकडं बघत म्हणाला, “नाही जमणार.” कोणाला म्हणाला ते कळलं नाही. सासूला वाटलं भिंतीला, सुनेला वाटलं कड्याला.

दुसऱ्या दिवशी नळीचं पाणी बंद झालं. डोंगराच्या मागच्या अंगाला एक झरा होता, तिथून रबरी नळी घरापर्यंत आणली होती. दरडीनं झऱ्याचं तोंड हललं असणार. नवऱ्याचे हात बांधलेले, म्हणून सून निघाली. कमरेला फडकं आवळून बांधलं, खिशात उकडलेले बटाटे आणि मीठ घेतलं.

धुकं होतं. हातभर पुढचं दिसत होतं, तेवढंच जग होतं. नळी धरून ती मागच्या अंगाला गेली. झऱ्याची जागा कोरडी. पाणी कुठं गेलं, म्हणून ओल शोधत ती वर सरकू लागली. इकडं पूर्वी कोणी येत नसे. इकडं आणायला-न्यायला काही नव्हतं, आणि पुढं एक खोल खाच होती, तिच्यापाशी सगळं संपायचं. ती खाच आज लागली नाही. दरडीतला एक अवाढव्य धोंडा नेमका त्या खाचेत अडकून बसला होता, दातांत सुपारी अडकावी तसा. ती त्याच्यावरून चालत गेली आणि आपण काय ओलांडलं ते तिला पुढं गेल्यावर उमगलं.

मग गवत होतं, मग बारीक खडी, मग पुन्हा गवत. चढ असा की गुडघ्याला कळू नये. पाठीवर ओझं नव्हतं, कपाळावर पट्टा नव्हता. धुक्यात पाय आपोआप पडत होते, दुसऱ्याच कोणाचे असल्यासारखे. मध्येच तिला आईच्या घरचा जिना आठवला. मध्येच वाटलं, आपण घरीच आहोत, अंथरुणात, आणि आपलेच पाय कोणीतरी बाजूला बसून बघतंय. पाणी शोधायला आलोय हे ती विसरली. हवा पातळ झाली. कानात एक बारीक गुणगुण होती. माशीची नाही, रक्ताची.

समोर लोखंडी दांडा दिसला.

दांड्याला रंगीत चिंध्या. खाली पत्र्याच्या पाट्या, त्यांवर नावं. एक फुटका थर्मास. चारी बाजूंना चढ नव्हताच. सगळीकडून खालीच जायचं होतं.

परक्या घरात चुकून झोपायच्या खोलीत शिरावं तशी ती दचकली. दोन पावलं मागं सरली. कोणी बघितलं का, म्हणून धुक्यात बघू लागली. मग भरभर उतरली. खूप खाली आल्यावर तिच्या लक्षात आलं की बटाटे खायचे राहिले.

नवऱ्याला तिनं एवढंच सांगितलं, “मागून वाट आहे. साहेबांच्या तुकड्याखालपर्यंत जाते.” त्याहून वरचं नाही सांगितलं.

म्हाताऱ्याला मात्र सांगितलं. सासू लाकडं आणायला गेली होती, तेव्हा त्याच्या कानाशी वाकून.

म्हातारा जागा झाला. पुरता जागा झाला.

“तू? वर?”

“चुकून, मामंजी.”

“काय होतं?”

“धुकं होतं. काही दिसलं नाही.”

“पोरी,” तो म्हणाला, “जाऊन जाऊन धुक्यातच जायचं होतं तुला?”

मुलाला वाट दाखवली तेव्हा तो खाचेतल्या धोंड्यावर उभा राहून उड्या मारू लागला. धोंडा हलेना. “अगं, ही तर बाजाराची वाट! दोर नको, मेखा नकोत, काही नको! म्हशी येतील इथून!” बांधलेल्या हातांनी त्यानं तिचे खांदे धरले आणि गदागदा हलवले. लग्नात हसला नव्हता इतका तो हसला.

आधी झऱ्याचं सरकलेलं तोंड शोधून नळी तिथं लावली, मग काम सुरू झालं. सकाळी जायचं, उजेड आहे तोवर दगड फोडायचे, आणायचे, बसवायचे. जिथं खडी घसरत होती तिथं पायऱ्या. जिथं दम लागेल तिथं टेकणी. नवऱ्याचे हात बरे होत होते पण पकड नव्हती, म्हणून पहार तो धरायचा आणि घण ती मारायची. टेकणीची उंची ती स्वतःच्या पाठीवर मोजायची. पाठ लावून उभी राहायची आणि म्हणायची, “आणखी एक थर.” तिची नखं काळी पडली. कमरेच्या जखमेवर खपली धरायची आणि घामानं निघायची. दुपारी धुकं यायचं आणि ती दोघं एकमेकांना दिसेनाशी व्हायची. फक्त दगडावर दगड बसल्याचा आवाज यायचा, आणि त्यावरून कळायचं की आपलं माणूस आहे. कधी कधी कोणाच्या हातानं दगड बसतोय तेही कळायचं नाही. ती वाकून बघायची तर पायरी झालेली असायची.

“ही तू केलीस?”

“मला वाटलं तुम्ही केलीत.”

साहेबांच्या तुकड्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. तिथं चढच नव्हता, तरीही त्याच्याखाली शेवटची टेकणी बांधली, सगळ्यात रुंद, आणि काम थांबवलं.

साहेब आला तेव्हा हवा स्वच्छ होती. बरोबर दोन तरणे चढाईवाले आणि एक फोटोवाला. साहेब वाईट माणूस नव्हता. सासूला त्यानं वाकून नमस्कार केला, म्हाताऱ्याला नवीन मोजे दिले. “काय छोटू, लावले का दोर?”

“त्याहून भारी केलंय साहेब. चला तर खरं.”

मुलगा पुढं, सून मागं. वाटेत फोटोवाला शीळ घालत होता. तरणे दोघे कोणत्यातरी लग्नाबद्दल बोलत होते, बोलता बोलता चढत होते, कोणाला धाप लागली नाही. मुलगा दर टेकणीला वळून साहेबाचं तोंड बघायचा. साहेबाचं तोंड दर टेकणीला लहान होत गेलं.

शेवटच्या टेकणीला साहेब थांबला. वर बघितलं, खाली बघितलं.

“यात दोर कुठं लागतो?”

“कुठंच नाही साहेब!” मुलाची छाती भरून आली होती.

“छोटू, लोक इथं चालायला येत नाहीत रे.”

“मग?”

“चढायला येतात.”

“आपण चढलोच की.”

तरण्यांतला एक जण फसकन हसला. साहेब हसला नाही. तो टेकणीवर बसला. सुनेच्या मापानं बांधलेली ती टेकणी. त्याला ती उंच झाली, पाय लोंबत राहिले.

“ऐक. हे शिखर अवघड म्हणून लोक येतात. खिशात हात घालून मी वर आलो, हे एकदा कळलं की अवघड शिखरांतून याचं नाव गेलं. मग कोण येईल? सहली येतील. डबे घेऊन येतील. म्हाताऱ्या बायका येतील.”

“येऊ देत की,” सून मागून म्हणाली.

साहेबानं पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. “वहिनी, म्हाताऱ्या बायका ओझेवाला करत नाहीत. स्वतःची पिशवी स्वतः घेतात. तुम्ही खाणार काय?”

साहेब खरं बोलत होता. खरं बोलणाऱ्याचा जेवढा राग येतो तेवढा खोटारड्याचा येत नाही.

“परवा आम्ही कड्यावरून चढतो,” साहेब म्हणाला. “आमचे दोर, आमच्या मेखा. वर फोटो निघाला की या हंगामापासून सगळे तुमच्याच दारावरून येतील, शब्द देतो. पण ही वाट राहता कामा नये. पायऱ्या, ओटे, सगळं मोडून टाकायचं. आम्ही वर पोचायच्या आत. नाहीतर मला पलीकडचा रस्ता मोकळाच आहे.”

आणि तो उतरला. वर साहेबांचा तुकडा तसाच होता, चार ढांगांवर. या वाटेनं त्यानं तिथं पाऊल ठेवलं नाही. त्याचाही काही नेम होताच.

घरी सासूनं बटाटे वाढले.

“मोडायची तर मोडा,” ती म्हणाली. “बांधता येते त्याला मोडता येत नाही होय?”

“हात आहेत का मोडायला?” सून म्हणाली. “बांधायला तरी कुठं होते यांना? बांधली कोणी?”

“तू बांधलीस. मग? देऊळ बांधलंस का?” नवरा म्हणाला. “भांडी घासशील का? सांग. घासशील?”

“आता काय करतेय?” तिनं ताट ओढून घेतलं आणि घासायला बसली. राख इतकी जोरात घासली की ताटाला ओरखडे पडले.

म्हातारा खिडकीपाशून म्हणाला, “वाट झालीच नाही अजून. मोडणार काय?”

“म्हणजे?”

“ओझं गेलंय का तिच्यावरून? साहेब रिकामे गेले, तुम्ही रिकामे गेलात. ओझं गेल्याशिवाय वाट म्हणत नाहीत. वाटाड्या मी आहे ना? मी सांगतो. आधी ओझं जाऊ दे, मग मोडा.”

“कसलं ओझं न्यायचं आता?”

“मी आहे की,” म्हातारा म्हणाला. “साहेबाच्या पेटीपेक्षा हलकाच असेन.”

सासूनं कपाळावर हात मारला. मग उठून ओझ्याच्या लाकडी चौकटीवर एक जुनी उशी बांधली. गाठ मारताना तोंडातल्या तोंडात म्हाताऱ्याला जे बोलायचं ते बोलून घेतलं.

ठरल्या दिवशी सकाळी निघाले. साहेबाची माणसं पहाटेच कड्याला लागली होती. त्यांच्या मेखांचा ठणठण डोंगराच्या पुढच्या अंगानं येत होता, लांब कुठंतरी लोहार बसल्यासारखा. मुलानं बापाला पाठीवर घेतलं, पाठीला पाठ लावून. सून पहार घेऊन मागं.

चौकटीवर उलटा बसलेला म्हातारा. त्याच्यापुढं टाचा नव्हत्या. पुढं दरी होती, आणि प्रत्येक पावलागणिक ती मोठी होत होती. त्याचं तोंड उघडं राहिलं. नदी वळते हे त्याला माहीत होतं, पण ती इतकी वळते हे माहीत नव्हतं. ढगांच्या सावल्या उतारावरून पाय न वाजवता चालल्या होत्या. एक पक्षी त्याच्या पायांच्या खाली उडत होता, त्याची पाठ दिसत होती.

“पक्ष्याला पाठ असते रे,” तो म्हणाला.

“गप्प बसा बाबा. हलता तेव्हा पट्टा रुततो.”

“मी हलत नाही. डोंगर हलतोय.”

प्रत्येक टेकणीला मुलगा ओझं टेकवत होता. उंची अशी नेमकी की पाठ आपोआप सैल व्हायची. त्यानं बायकोकडं बघितलं नाही, पण तिसऱ्या टेकणीला दगडावर हात फिरवला आणि तिथं जरा जास्त वेळ थांबला.

शेवटच्या टेकणीला त्याचे पाय सवयीनं थांबले. बापाला उतरवलं.

“झालं. ओझं आलं. आता इथून मोडत खाली जाऊ.”

म्हातारा उठला नाही. वर बघायचं नाही अशी मान वळवून तो बसला होता, जन्मभर बसला तसा. सुनेच्या तोंडाशी शिवी आली. कोणाला द्यायची ते कळेना, म्हणून तिनं गिळली आणि म्हाताऱ्याचा हात धरला.

“चला मामंजी.”

“अगं, तिथं…”

“मी जाऊन आलेय. कोणी नसतं.”

म्हातारा स्वतःच्या पायांनी चालला. गुडघे वाकत नव्हते, म्हणून काठीसारखे टाकत चालला. पडला तर, म्हणून मुलगा मागोमाग आला, हातात पहार. कोणी थांबवलं नाही. वारा सुद्धा नव्हता.

वर पोचल्यावर म्हातारा दांड्याला धरून उभा राहिला. चिंध्या बघितल्या, पाट्या बघितल्या. नावं त्याला वाचता येत नव्हती, पण आपलं नाही हे कळत होतं. मग त्यानं खाली बघितलं. खूप खाली एक ठिपका होता, ठिपक्यातून धूर निघत होता.

“म्हातारीनं चूल पेटवली,” तो म्हणाला.

आणि थोड्या वेळानं, “हे होय? हे बघून रडत होते सगळे? माझं घर?”

तो हसायला लागला. हसता हसता खाली बसला. सून त्याच्या एका अंगाला बसली. ऊन गार होतं आणि गोड होतं. सगळं लांब होतं, आवाजसुद्धा. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मुलगा पहार घेऊन उभा होता आणि त्याला इतकी झोप येत होती की उभ्या उभ्या लागेल.

कड्याच्या काठावर एक हात आला.

बोटं रक्तानं भरलेली, नखं मोडलेली. हात चाचपडत होता, धरायला काही मिळत नव्हतं. कडा काही खोटा नव्हता. म्हातारा पोटावर झाला, सरकला, आणि त्यानं ते मनगट धरलं. आयुष्यभर साहेबांना असंच धरून वर ओढलं होतं, त्याच्या हातांना विचारावं लागलं नाही. सून म्हाताऱ्याचे पाय धरून बसली. साहेब वर आला, तोंडावर पडला, आणि लहान पोरासारखा हुंदके देत श्वास घेऊ लागला. मागून फोटोवाला, मागून तरणे.

साहेबानं डोळे पुसले. मग त्याला ही तिघं दिसली.

“मोडली?”

“नाही अजून,” मुलगा म्हणाला.

“बरं. ते मागाहून बघू. आधी फोटो.” तो दांड्यापाशी जाऊन उभा राहिला. फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला, पुन्हा लावला.

“जरा खाली सरकता का?” फोटोवाला म्हणाला. “फोटोत येताय.”

म्हातारा लगेच उठू लागला. सुनेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“बसा मामंजी.”

“अगं, त्यांचा फोटो…”

“येऊ की आपण.”

“वहिनी,” साहेब म्हणाला. त्याचा आवाज थकलेला होता, चढलेला नव्हता. “दोनच मिनिटं. म्हातारा माणूस बसलाय असा फोटो गेला तर या कड्याचा उपयोग नाही, माझ्या रक्ताचा उपयोग नाही. छोटू, सांग तिला. हे माझं नाही, तुझ्या पोटाचं आहे.”

मुलानं बायकोकडं बघितलं. तिचे काळे पडलेले हात मांडीवर होते. बापाकडं बघितलं. मग खाली, धुराकडं. खानावळीची मोरी त्याला दिसली, खरकट्याचा वास आला, साबणानं फुगलेली बोटं दिसली. सगळं दिसलं त्याला. आंधळेपणानं त्यानं काही केलं नाही.

त्यानं पहार दगडावर आडवी ठेवली, आवाज न करता, आणि बापाच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसला.

“छोटू!”

“दम लागलाय साहेब.”

फोटोवाला दरीकडं बघत म्हणाला, “ढग येतोय. काढायचा तर आत्ता.”

साहेब उभा राहिला. त्याच्या बोटांतून रक्त थेंब थेंब गळत होतं. “मग पलीकडूनच येतील सगळे,” तो म्हणाला. “तुमच्या दारावरून कोणी येणार नाही. कळतंय ना?”

“कळतंय,” सून म्हणाली.

तरणे दोघे कोणाला न विचारता पायऱ्यांनी उतरायला लागले होते. ढग काठाला लागला, आधी पाट्या गेल्या, मग चिंध्या. म्हातारा थोडा सुनेकडं सरकला आणि आपल्या बाजूचा दगड हातानं झाडून साफ केला.

“बसा साहेब,” तो म्हणाला. “घाई कसली? उतरायला चांगली वाट आहे.”